हिरव्या डब्यातली बाटली

माझी ताई रागीट आहे असं कुणी म्हणालं की मला हसू येतं. रागीट मी आहे. मी दोन मिनिटांत पेटते, चार शिव्या हासडते आणि जेवायला बसते. ताईचं तसं नाही. तिला राग आला की ती गप्प होते, आणि तो राग नीट घडी घालून ठेवते, मी गिऱ्हाइकांचे कपडे ठेवते तसा. कधीही काढा, सुरकुती सापडणार नाही.

माझं इस्त्रीचं दुकान आहे. ताई रंगाच्या दुकानात होती. लोक भिंतीचा टवका घेऊन यायचे, म्हणायचे, अगदी अस्सा पाहिजे, आणि ताई डब्यात थेंब थेंब रंग पाडून तो अस्साच काढून द्यायची. कुठल्या रंगाला कुठलं थिनर लागतं ते प्रत्येकाला दटावून सांगायची. "याचं त्यात घालू नका. दिसायला दोन्ही पाण्यासारखीच, पण रंग फाटेल." कुणी ऐकलं नाही आणि फाटलेला रंग घेऊन परत आलं, तर एक डबा बदलून द्यायची नाही. "सांगितलं होतं ना? मग आता भोगा." मालक कपाळावर हात मारायचा, पण तिला काढायची त्याची छाती झाली नाही.

तिचं लग्न झालं त्या गल्लीत आरोग्य केंद्रातली एक बाई राहायची. तिला सगळे हसरी म्हणायचे. ती टोचताना हसायची, ताप मोजताना हसायची, आणि कुणाला वाईट बातमी सांगतानाही तिचे दात आत जायचे नाहीत. ती नर्स नव्हती, प्रयोगशाळेतलीही नव्हती. थोडे दिवस शिकवून कामाला लावलेली बाई. लसीला पोरं गोळा करायची, घरोघरी फिरायची आणि केंद्रात बसून गरोदर बायकांची एचआयव्हीची तपासणी करायची.

यात वाईट काही नाही, हे मी रागातसुद्धा कबूल करते. अशा बायका नसत्या तर अर्ध्या लोकांची तपासणीच झाली नसती. शिकवलं तसं केलं, तर त्यांचा निकाल प्रयोगशाळेइतकाच खरा येतो, असं डॉक्टरीणबाई सांगतात. शिकवलं तसं केलं तर! बोटाला टोचायचं. रक्ताचा थेंब पट्टीच्या खळग्यात सोडायचा. त्यावर त्याच डब्यातल्या छोट्या बाटलीतलं औषधी पाणी, त्याला तिकडे बफर म्हणतात, ते मोजून टाकायचं आणि ठरलेला वेळ थांबायचं. एक रेघ आली तर आजार नाही. दोन आल्या तर दुसऱ्या कंपनीच्या पट्टीवर पुन्हा बघायचं, आणि तोवर तोंड उघडायचं नाही. एवढंच.

हसरीला थेंब मोजायचा कंटाळा. रक्त पट्टीवर भरभर चढावं म्हणून ती बाटली दाबून जास्तच पाणी घालायची. मग डब्यात पट्ट्या शिल्लक आणि बाटली कोरडी. आता काय? शेजारी हिवतापाच्या तपासणीचा हिरवा डबा असायचा, त्यातही तशीच बाटली. घेतली ती, आणि काम पुढे चालू.

ताईला नववा लागला होता तेव्हा ती त्या खुर्चीत बसली. हसरीनं तिच्या बोटाला टोचलं, बाटली दाबली, काही निघेना. उठली, हिरव्या डब्यातली बाटली घेऊन आली. ताईची नजर रंगाच्या दुकानातली. तिनं लगेच विचारलं, "काकू, ही बाटली याच डब्याची आहे का?"

"अगं, पाणीच तर आहे," हसरी हसली. "त्यानं काय होतंय?"

दोन रेघा उमटल्या. दुसऱ्या कंपनीच्या पट्ट्या त्या आठवड्यात आल्याच नव्हत्या, म्हणून पुन्हा तपासणी नाही. पण थांबायला नको का? नाही थांबली. संध्याकाळी घरी जाता जाता ताईच्या दारात उभी राहिली आणि सासूला सांगून मोकळी झाली. बाळाला अंगावर पाजू देऊ नका, भांडीकुंडी वेगळी ठेवा, मी आपली तुमच्या भल्यासाठी सांगते. मोठ्यानं सांगितलं. समोरच्या घरातली बाई रेडिओ बंद करून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी दाजींचीही तपासणी केली हिनंच, आणि त्यांना काही नाही निघालं. झालं! सासूला आयतं कोलीत मिळालं. माझ्या मुलाला नाही, मग ही कुठून घेऊन आली?

चार दिवसांत छकुली झाली. तिला ताईच्या कुशीत ठेवलीच नाही, सासूनं उचलली. ताईला रिक्षात घालून माझ्याकडे पाठवून दिलं, बरोबर एक पिशवी. आणि दाजी? ते आईच्या मागे उभे राहून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होते. दात पाडावेसे वाटले मला त्यांचे, अजून वाटतात.

पुढचं मला सांगवत नाही, पण सांगते. ताईला पान्हा फुटायचा. शेजारी कुणाचं पोर रडलं तरी ब्लाऊज भिजायचा. मी जुनी चादर फाडून तिच्या छातीला घट्ट पट्टी बांधायची. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहायची आणि म्हणायची, "अजून आवळ." दूध आटेपर्यंत आम्ही दोघी बहिणींनी हे केलं. त्या दिवसांत ती एकदाही रडली नाही, आणि मला तिची भीती वाटायला लागली.

मोठ्या दवाखान्यात जायला ती तयार नव्हती. लाज. शेवटी मीच ओढत नेली. तिथं गोळ्या सुरू करायच्या आधी पुन्हा तपासणी करतात. केली. एका पट्टीवर एकच रेघ. दुसऱ्या कंपनीच्या पट्टीवर एकच. मग शिरेतून रक्त घेऊन मशीनवर लावलं, तिथंही काही नाही. ताईला काही नव्हतं. कधीच नव्हतं! प्रयोगशाळेतल्या माणसानं विचारलं, पहिली तपासणी कशी केली होती? ताईनं हिरव्या डब्याचं सांगितलं तसा त्यानं पेन खाली ठेवला. "दुसऱ्या डब्याचं बफर घातलं तर नसलेली रेघही उमटू शकते," तो म्हणाला. "दर वेळी नाही. पण उमटते."

आम्ही तो रिपोर्ट घेऊन थेट ताईच्या सासरी गेलो. सासूनं वाचलाही नाही. म्हणाली, "असले कागद कुणीही आणतं. जिनं तपासलं तिनं माझ्या दारात उभं राहून तोंडानं सांगितलंय. तिनं येऊन नाही म्हणावं, मग बघू." आतून छकुलीचा आवाज येत होता. दार बंद झालं.

तिथून हसरीच्या घरी. ताईनं तिचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. "काकू, एकदा चला. एवढंच सांगा, बाटली चुकली होती. मला माझी पोर द्यायला लावा."

हसरी हसली. "वेडी का तू? बाटलीनं कधी असं होतं का? अगं, तुझं नशीब थोर, बरी झालीस. आनंद मान." आणि आम्हाला पाणी विचारलं.

ताई पाणी प्यायली. पेला खाली ठेवला आणि उठली. वाटेत मी हसरीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते आणि ही गप्प. घर आल्यावर म्हणाली, "तिला त्याच दारात उभं करणार. त्याच तोंडानं उलटं बोलायला लावणार. त्याशिवाय मी मरणार नाही."

वर्ष गेलं. केंद्रात नवीन बायका भरणार होते. ताईनं रंगाचं दुकान सोडलं आणि अर्ज केला. मी म्हटलं, डोकं फिरलंय का तुझं? तक्रार कर! म्हणाली, तक्रार केली तर ती म्हणेल, मी हिरव्या डब्याला हातच लावला नव्हता, आणि माझ्याकडे पुरावा काय? मला ती करताना सापडली पाहिजे. शिकवणीत ताई पहिली आली, येणारच होती. नवीन आलेल्या डॉक्टरीणबाईंनी तिला टेबल दिलं, हसरीच्या शेजारचं. हसरीनं तिला मिठीच मारली. "बरं झालं आलीस! जुनं ते जाऊ दे." ताई म्हणाली, "हो काकू."

आणि ताई बसली दबा धरून. पहिले काही महिने हसरी जपूनच होती, शेजारी कोण बसलंय ते कळण्याइतकी अक्कल तिला होती. मग सवयीनं तिला गाठलंच. थेंब पुन्हा सैल पडायला लागले. ताई रोज घरी येऊन सांगायची, आज इतकी बाटली उतरली, पट्ट्या इतक्या उरल्यात. मला ते ऐकून कसंसंच व्हायचं. एकदा मी विचारलं, "अगं, ती पुन्हा तसं करेल तेव्हा खुर्चीत दुसरी कुणीतरी असेल ना? तिच्या नशिबी दोन रेघा येऊ देणार तू?"

"येऊ दे," ताई म्हणाली. "आल्या की लगेच डॉक्टरीणबाईंना हाक मारेन. घटकाभर घाबरेल बिचारी. मी दोन वर्षं भोगतेय."

मला तिचं बरोबर वाटलं आणि ती भयंकरही वाटली.

केंद्रातले पांढरे कोट माझ्याकडेच इस्त्रीला असतात. त्या सकाळी मी गठ्ठा द्यायला गेले, तर हसरीच्या खुर्चीत एक कोवळी पोरगी. पोट चांगलंच पुढे आलेलं, पाय अधांतरी. हसरीनं तिला टोचलं, रक्त पट्टीवर सोडलं, बाटली दाबली. फुस्स. ती उठली. हिरव्या डब्याकडे गेली, बाटली घेऊन आली. मी ताईकडे बघितलं. ताई सगळं बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, फक्त हातातलं काम थांबलं होतं.

आता बघ काय होतं ते, मी मनात म्हटलं. हाताला घाम सुटला, कोटांना डाग पडतील म्हणून गठ्ठा बाकावर ठेवला.

हसरीनं बाटलीचं टोपण काढलं. तेवढ्यात ती पोरगी म्हणाली, "काकू, काय निघेल ते आधी मला सांगाल ना? म्हणजे, बाहेर सासूबाई बसल्यात."

ताई उठली. दोन टेबलांच्या मधून गेली आणि पट्टीवर हात ठेवला. रक्त तिच्या तळव्याला लागलं.

"हिच्यावर नको," ती म्हणाली. "काकू, तुमचं बोट द्या."

"काय?"

"याच बाटलीतलं पाणी टाकू. पण रक्त तुमचं. पाणीच तर आहे. त्यानं काय होतंय?"

हसरी हसली. पण आजूबाजूच्या बायका माना उंचावून बघायला लागल्या होत्या, आणि आवाज ऐकून डॉक्टरीणबाईही दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्यादेखत नाही म्हणायची सोय नव्हती. "घे बाई, एवढी हौस आहे तर," म्हणून तिनं हात पुढे केला. ताईनं हात धुतले, नवे हातमोजे घातले, नवी पट्टी काढली. टोचलं. रक्त सोडलं. हिरव्या डब्यातली बाटली घेऊन थेंब टाकले, शिकवलंय तितकेच, एक जास्त नाही.

मग थांबणं. हे थांबणं मला सोसेना. त्या प्रयोगशाळेतल्या माणसाचं मला आठवत होतं: दर वेळी नाही उमटत. नाही उमटली तर? मग हसरी जन्मभर दात काढणार, ताईची नोकरी जाणार, आणि छकुली सासूच्याच कुशीत मोठी होणार. ताईला हे ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं. ती पट्टीकडे बघतच नव्हती. हसरीच्या तोंडाकडे बघत होती.

पहिली रेघ आली, ती येतेच. हसरी म्हणाली, "बघितलंस?" आणि मग तिच्या बाजूला, अगदी पुसट, धुतलेल्या कपड्यावर राहिलेल्या डागासारखी, दुसरी आली. गडद होत गेली.

हसरीचं हसू गेलं. इतक्या वर्षांत तिचे ओठ मिटलेले मी पहिल्यांदा बघितले. ती पट्टीवर वाकली, डोळ्यांजवळ नेली, आणि मग असा आवाज काढला की बाहेर बसलेल्याही आत आल्या. "हे खोटं आहे! मला काही नाही! अहो बाई, ही बाटली हिरव्या डब्यातली आहे, याची नाही! याच्यामुळं आलंय हे!"

"मग माझं खरं कसं होतं, काकू?" ताईनं विचारलं.

तेव्हा हसरीला कळलं आपण काय बोललो ते. मटकन बसली. माझ्या मनात तर फटाके फुटत होते, खोटं कशाला बोलू! डॉक्टरीणबाई पुढे आल्या. त्यांनी दोन्ही डबे उचलून बघितले. ताईनं त्यांना सगळं सांगितलं, पहिल्यापासून, आवाज न चढवता. त्या पोरीची तपासणी डॉक्टरीणबाईंनी स्वतः नव्या डब्यातून केली, एक रेघ. हसरीचीही केली; एक रेघ. तेवढा वेळ हसरी हात जोडून बसली होती. बसू दे. ताईच्या शेजारी तेव्हा कुणी बसलं होतं?

"यांना मी आजच घरी पाठवते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"नको बाई," ताई म्हणाली. "आज त्यांना माझ्याबरोबर पाठवा. एका घरी जायचंय."

मी पळत जाऊन दुकानाचं शटर ओढलं आणि मागोमाग गेले. असला दिवस मी सोडते होय! ताई पुढे, मध्ये हसरी, मागे मी. सासूनं दार उघडलं. हसरी खाली बघून पुटपुटली, "माझ्याकडून चुकीची बाटली वापरली गेली. हिला काही नव्हतं."

"मोठ्यानं, काकू," ताई म्हणाली. "त्या दिवशी गल्लीला ऐकू गेलं होतं."

हसरी मोठ्यानं बोलली. समोरचा रेडिओ बंद झाला.

सासूचा चेहरा कसा झाला म्हणून सांगू! पण मुरलेली बाई. चटकन सावरली. "असू दे, माणसाच्या हातून चुका होतात. ये, आत ये, तुझंच घर आहे."

"मी आत यायला आले नाही. माझी पोर द्या."

दाजी मागून म्हणाले, "आई बोलावतेय तर ये ना. झालं गेलं विसरून जाऊ."

ताईनं त्यांच्याकडे बघितलं, दोन वर्षांत पहिल्यांदा. "तुमची तपासणीही काकूंनीच केली होती ना? कुठल्या बाटलीनं, विचारलंत कधी?"

दाजींचा रंग उडाला. त्यांनी हसरीकडे बघितलं. हसरीनं काहीतरी सांगायला तोंड उघडलं, ताईची नजर बघून मिटलं. त्यांना तसंच टांगणीला ठेवून आम्ही छकुलीला घेऊन निघालो. दुसऱ्या दिवशी दाजी केंद्र उघडायच्या आधी येऊन पायरीवर बसले होते, रात्रभर डोळ्याला डोळा लागला नसावा. त्यांची तपासणी ताईनंच केली, बरोबर डब्यातल्या बरोबर बाटलीनं. निकालात काही निघालं नाही. ताईनं तो सांगितला आणि म्हणाली, "आता जा."

छकुली मात्र त्या दिवशी वाटभर किंचाळत होती. "आजी, आजी" करत ताईच्या तोंडावर मारत होती. घरी आल्यावर माझ्या कडेवर आली, पण ताईकडे जाईना. ताई मोरीजवळ बसून राहिली. मी म्हटलं, "होईल सवय. जिंकलीस ना तू?" ती म्हणाली, "दूध होतं गं माझ्याकडे. पुष्कळ होतं." तेव्हा रडली. मीही रडले, आणि आम्हाला बघून छकुली गप्प झाली.

हसरीला काढायचंच ठरलं होतं. ताईनं डॉक्टरीणबाईंना सांगितलं, काढू नका. सगळे म्हणाले, काय मोठं मन! मला हसू आवरेना. मोठं मन कसलं? काढली असती तर हसरी दुसऱ्या गल्लीत जाऊन पुन्हा दात काढत बसली असती. आता ती रोज ताईच्या शेजारी बसते, आणि प्रत्येक तपासणीच्या आधी, खुर्चीतल्या बाईसमोर, ताई हात पुढे करते. "काकू, बाटली दाखवा." हसरी दाखवते. ताई बाटलीवरचं वाचते, डब्यावरचं वाचते, आणि परत देते. "थेंब मोजा." हसरी मोठ्यानं मोजते. त्या केंद्रात आता एक निकाल चुकत नाही, असं डॉक्टरीणबाई सगळ्यांना सांगतात.

परवा मी कोट द्यायला गेले तेव्हा हसरीच्या डोळ्यांत पाणी होतं. तिनं बाटली पुढे केली आणि हळूच विचारलं, "किती दिवस छळणार आहेस गं मला? कधीतरी माफ कर."

"हा डबा संपू दे," ताई म्हणाली.

पलीकडे कपाटात नवे डबे छतापर्यंत रचलेले होते. हसरीनं तिकडे बघितलं, आणि थेंब मोजायला लागली.